एन्झाइमची गोळी उपाशीपोटी की जेवणासोबत? (ट्रिप्सिनबद्दल)

रामबागकर
इंदूरच्या दवा बाजारातून आणलेल्या एकाच पिशवीत पुष्कळदा दोन पाकिटं निघतात. एकावर ‘ट्रिप्सिन-कायमोट्रिप्सिन’, दुसऱ्यावर ‘पॅनक्रियाटिन’. पहिलं दाढ काढल्यावर, पाय मुरगळल्यावर, टाके घातल्यावर सूज उतरावी म्हणून. दुसरं क्रॉनिक पॅनक्रियाटायटिसच्या (स्वादुपिंडाच्या जुनाट दाहाच्या) पेशंटला अन्न पचावं म्हणून. घरात मात्र दोन्हींचं नाव एकच पडतं, ‘एन्झाइमची गोळी’. मग जी उपाशीपोटी घ्यायची ती पोहे खाल्ल्यावर घेतली जाते आणि जी घासासोबत घ्यायची ती सकाळी चहाच्या आधी. दोन्ही वाया.

शिवाय पॅनक्रियाटायटिसमध्ये हेच ट्रिप्सिन स्वादुपिंडाला आतून खातं असं सांगतात. जे खातंय तेच औषध म्हणून परत का द्यायचं? जाणकारांनी आकड्यांसकट लिहावं. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदा, सगळीकडच्या वाचकांना कामी येईल.

खलबत्ता
औषधाच्या बाजूने आधी लिहितो.

सुजेच्या नेहमीच्या गोळीत ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन मिळून १,००,००० आर्मर युनिट (एन्झाइमची ताकद मोजायचं एकक) असतात, प्रमाण ६:१. वर आतड्यात सुटणारं आवरण. जेवणाआधी अर्धा तास किंवा जेवणानंतर दोन तासांनी, पाण्यासोबत. कारण सरळ आहे. हे प्रोटीन तोडणारं एन्झाइम आहे. आतड्यात वरण किंवा पनीर समोर आलं तर ते त्यालाच तोडत बसेल, रक्तात शिरायला काही उरणार नाही. गोळी अर्धी करायची नाही, चावायची नाही. आवरण फुटलं की पोटातल्या आम्लाने ती निकामी होते.

पॅनक्रियाटिनच्या कॅप्सूलमध्ये चरबी तोडणारं लायपेज, पिष्ट तोडणारं अमायलेज आणि प्रोटीन तोडणारं प्रोटिएज (म्हणजे मुख्यतः ट्रिप्सिन) असे तिघे असतात. बाहेर छापलेला १०,००० किंवा २५,००० हा आकडा लायपेजचा, ट्रिप्सिनचा नव्हे. दुकानात आकड्यांची तुलना करताना इथेच चूक होते. आत बारीक मणी असतात. त्यांचं आवरण साधारण पीएच ५.५ च्या वर सुटतं, म्हणजे जठर ओलांडून लहान आतड्यात पोचल्यावर. मण्यांना अन्नात मिसळूनच पुढे जायचं असतं, म्हणून ती जेवणासोबत.

एक गोळी रक्तात शिरावी म्हणून दिलेली, दुसरी आतड्यातच राबावी म्हणून. एन्झाइम तेच असलं तरी मुक्काम वेगळा.

जीवरसायन
मूळ प्रश्नाचं उत्तर ‘जागा’ या एका शब्दात आहे.

स्वादुपिंड ट्रिप्सिन बनवतच नाही. ते बनवतं ट्रिप्सिनोजेन, म्हणजे ट्रिप्सिनचं झोपवून ठेवलेलं रूप. त्याच्या टोकाला आठ अमिनो आम्लांची शेपटी असते: अ‍ॅलानिन, प्रोलिन, फिनाइलअ‍ॅलानिन, मग ओळीने चार अ‍ॅस्पार्टेट आणि शेवटी लायसिन. ही शेपटी त्या लायसिननंतर छाटली गेली की रेणू आतून वळतो, कात्री उघडते, ट्रिप्सिन तयार. छाटणारं एन्झाइम म्हणजे एन्टेरोकायनेज, आणि ते बसलेलं असतं लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या अस्तरावर, स्वादुपिंडाच्या बाहेर. एकदा थोडं ट्रिप्सिन जागं झालं की तेच बाकीच्या ट्रिप्सिनोजेनला आणि स्वादुपिंडातून आलेल्या इतर प्रोटीन तोडणाऱ्या एन्झाइमांना जागं करतं. ट्रिप्सिन इतकं महत्त्वाचं ते यामुळे. बाकी सगळ्यांची किल्ली त्याच्याकडे.

कधी चुकून स्वादुपिंडातच थोडं जागं झालं तर बंदोबस्त असतो. स्पिंक१ नावाचं छोटं प्रोटीन कात्रीच्या पात्यात पाचरीसारखं बसतं. कायमोट्रिप्सिन-सी त्या कात्रीचेच तुकडे पाडतं. आणि ट्रिप्सिन स्वतःलाही १२२ व्या जागेवरच्या आर्जिनिनपाशी कापू शकतं. ट्रिप्सिन फक्त लायसिन आणि आर्जिनिननंतरच कापतं. त्या जागी आर्जिनिनऐवजी हिस्टिडिन आलं तर तिथे कात्री लागतच नाही आणि मोडायचं ते ट्रिप्सिन टिकून राहतं. हाच आर१२२एच बदल. १९९६ साली पिट्सबर्गच्या व्हिटकॉम्ब यांच्या गटाने आनुवंशिक पॅनक्रियाटायटिसच्या घराण्यांत तो शोधला. एका अक्षराच्या बदलाने पिढ्यान्‌पिढ्या पोटदुखी.

शेवपोहे
म्हणजे तिजोरी एका घरी आणि किल्ली शेजारच्या घरी. शेजारी आपणहून चालत आला की गोंधळ!

जीवरसायन
@शेवपोहे, बरोबर. फक्त तीव्र दाहात शेजारी येत नाही, घरातलाच माणूस कुलूप फोडतो. पेशीच्या आत ट्रिप्सिनोजेनच्या पिशव्या आणि लायसोसोम (पेशीतला कचरा पचवणाऱ्या पिशव्या) एकत्र येतात आणि लायसोसोममधलं कॅथेप्सिन-बी हे एन्झाइम ती शेपटी छाटतं. पित्तखडा अडकणं, दारू, ट्रायग्लिसराइड फार वाढणं ही सुरुवात करून देणारी कारणं.

बडोदेकर
मग साधी गोष्ट आहे, ट्रिप्सिनला थांबवणारं औषध द्या. ते का देत नाहीत?

सातवा_वॉर्ड
हा प्रयोग झाला आणि फसला. स्वादुपिंड स्वतःला पचवतं ही कल्पना प्राग इथल्या हान्स कियारी यांनी १८९६ साली मांडली. त्यावरून अ‍ॅप्रोटिनिन हे ट्रिप्सिनरोधक तीव्र पॅनक्रियाटायटिसमध्ये वर्षानुवर्षं वापरून पाहिलं गेलं. पेशंटचा फायदा सिद्ध झाला नाही. पुढे तेच औषध हृदयाच्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी करायला वापरलं, आणि २००७ मध्ये मृत्यूंच्या काळजीमुळे त्याची विक्री थांबवावी लागली. जपानमध्ये याच जातीची गॅबेक्सेट, नाफामोस्टॅट वापरली गेली. आपल्याकडे काही ठिकाणी युलिनास्टॅटिन देतात, पण सरसकट द्यावं इतका भक्कम पुरावा नाही.

कारणं दोन. पेशंट पोटात दुखतंय म्हणून दवाखान्यात पोचतो तोवर ट्रिप्सिनचं काम झालेलं असतं. पुढची आग दाहक पेशींची असते. दुसरं, उंदरांतून ट्रिप्सिनोजेनचं मुख्य जनुक काढून टाकलं तेव्हा पेशींचं मरणं कमी झालं, पण दाह झालाच. म्हणजे ट्रिप्सिन एकटं दोषी नाही.

उपचार साधा आहे आणि तिथेही चूक होते ती अतिउत्साहाची. पूर्वी सलाइन धो धो चढवायचे. २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीत ताशी किलोमागे ३ मिली विरुद्ध १.५ मिली रिंगर लॅक्टेट (सलाइनचाच एक प्रकार) अशी तुलना झाली. जास्तवाल्या गटात अंगात पाणी साचण्याचं प्रमाण सुमारे २० टक्के, कमीवाल्यात सुमारे ६ टक्के, आणि फायदा काहीच जास्त नाही. ६० किलोच्या माणसाला ताशी ९० मिली. शरीर कोरडं पडलं असेल तरच आधी किलोमागे १० मिली, दोन तासांत. जोडीला वेदना नीट कमी करणं, उलटी थांबली आणि भूक लागली की लवकर तोंडाने खाणं सुरू करणं, आणि पित्तखडा असेल तर त्याचा बंदोबस्त. जंतुसंसर्ग नसताना अँटिबायोटिक नाही.

लायपेज किंवा अमायलेज वरच्या मर्यादेच्या तिप्पट झालं की निदानाला आधार मिळतो, पण रोज आकडा मोजून पेशंट सुधारतोय का हे कळत नाही. त्यावर नातेवाइकांचे पैसे खर्च करवू नयेत.

रामबागकर
हे पटलं. म्हणजे तीव्र दाहात ट्रिप्सिन चुकीच्या जागी जागं होतं. क्रॉनिकमध्ये?

जीवरसायन
क्रॉनिकमध्ये उलट. वर्षानुवर्षं जळून स्वादुपिंड आक्रसतं, खडे धरतात आणि एन्झाइम बनवणाऱ्या पेशीच उरत नाहीत. आतड्यात ट्रिप्सिन नाही, लायपेज नाही. म्हणून बाहेरून द्यायचं, आणि योग्य जागी सुटेल अशा आवरणात द्यायचं. ‘जे खातंय तेच परत का’ याचं हे उत्तर. भारतातल्या खडे धरणाऱ्या पॅनक्रियाटायटिसमध्ये स्पिंक१ चा एन३४एस बदल बऱ्याच पेशंटांत सापडतो. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणूंवरच्या संशोधन संस्थेत यावर मोठं काम झालं आहे. पण तोच बदल निरोगी माणसांतही आढळतो, म्हणून नुसत्या जनुकाच्या रिपोर्टवरून घाबरू नये.

सुगरण
आता ताटाकडे या. सगळा खेळ इथे बिघडतो.

मोठ्या माणसाला मुख्य जेवणाला ४०,००० ते ५०,००० लायपेज युनिट आणि मधल्या खाण्याला २०,००० ते २५,००० अशी सुरुवात सहसा होते. २५,००० च्या दोन असतील तर एक पहिल्या घासाला, दुसरी जेवण अर्ध्यावर आल्यावर. सगळ्या आधी घेतल्या तर औषध पुढे जातं आणि अन्न मागे राहतं. शेवटी घेतल्या तर उलटं. गिळताना गार किंवा कोमट पाणी, गरम चहा नाही. कॅप्सूल चावली तर मणी फुटून तोंडात फोड येतात. त्यातलं ट्रिप्सिन जिभेचं कातडंही प्रोटीनच समजतं. म्हाताऱ्या माणसाला गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून मणी शिजवून गार केलेल्या सफरचंदाच्या गरात घालावेत आणि लगेच न चावता गिळवावेत, वर पाणी. दुधात, खिरीत, गरम वरणात अजिबात नाही. तिथे आवरण आधीच सुटतं.

कशाला लागते, कशाला नाही? फळाला, काळ्या चहाला, साखरेच्या पाण्याला नाही. चहातल्या चमचाभर दुधालाही नाही. पेलाभर दूध, लस्सी, श्रीखंड यांना लागते. आणि इंदूरची शिकंजी! बाहेरगावचे लोक ती लिंबाची समजून बिनएन्झाइमची पितात. इथली घट्ट दुधाची असते, तिला कॅप्सूल हवीच. पोहे वाफवलेले असले तरी वरची मूठभर शेव तेलाचीच, ती मोजा.

आणि कृपा करून पेशंटचं तूप-तेल पूर्ण बंद करू नका. वजन आधीच उतरलेलं असतं. कॅप्सूल जेवणाला जुळवायची, जेवण कॅप्सूलला नाही. एक चहाचा चमचा तूप म्हणजे साधारण ५ ग्रॅम चरबी. ग्रॅममागे सुमारे २,००० युनिट हा हिशेब मुळात सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजाराचा आहे, पण अंदाजाला बरा पडतो: २५ ग्रॅम चरबीच्या जेवणाला ५०,०००.

ग्वाल्हेरचा_पठारी
आमच्याकडे उलट सल्ला मिळतो, ‘उकडलेलंच खा, आयुष्यभर’. तो चुकीचा?

सुगरण
तीव्र दाहाच्या पहिल्या दिवसांतला सल्ला क्रॉनिकवर चिकटून राहिला आहे. ताटातली चरबी बंद केली की अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वंही अंगी लागत नाहीत आणि हाडं ठिसूळ होतात. दारू आणि तंबाखू मात्र पूर्ण बंद, तिथे सवलत नाही.

सातवा_वॉर्ड
+१. आणि औषध लागू पडतंय का हे शौचावरून कळतं. फिकट, दुर्गंधीचं, भांड्याला चिकटणारं, पाण्यावर तेलाचा तवंग सोडणारं शौच थांबलं आणि वजन चढू लागलं, तर डोस बरोबर. नाही थांबलं तर डोस वाढवायच्या आधी क्रमाने विचारावं: घासासोबत घेतो का? मधल्या खाण्याला घेतो का? कॅप्सूल कुठे ठेवली होती? मग डोस वाढवणं, मग पोटातलं आम्ल कमी करणारी गोळी जोडणं, कारण स्वादुपिंडाचं बायकार्बोनेट कमी पडल्याने आतड्यात आम्लपणा राहतो आणि आवरण उशिरा सुटतं. तरीही नाही तर आतड्यात जंतूंची वाढ, जिआर्डिया (आतड्यातला परजीवी), सीलिअ‍ॅक (गव्हातल्या प्रोटीनचा त्रास) बघावं.

तपासणी म्हणाल तर शौचातलं इलास्टेज (स्वादुपिंडाचंच आणखी एक एन्झाइम): ग्रॅममागे २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमतरता, १०० च्या खाली बरीच. नमुना घट्ट हवा. पातळ जुलाबात पाण्यामुळे आकडा खोटा कमी येतो. त्यासाठी कॅप्सूल बंद करायची गरज नाही, ही तपासणी माणसाचंच इलास्टेज मोजते, डुकराचं नाही.

आणखी एक: एन्झाइम नीट लागू पडलं की अन्न अंगी लागतं आणि साखर चढू शकते. पेशंट इन्शुलिनवर असेल तर डॉक्टरांना आधीच कळवा.

तुळशीवृंदावन
वर ‘डुकराचं’ असं वाचलं. कॅप्सूल डुकरापासून बनते? औषधाच्या पाकिटावर तर हिरवा-तांबडा ठिपका नसतो. शाकाहारी घरांत, मुसलमान घरांत हे कुणी सांगतं का?

खलबत्ता
हो, मान्यताप्राप्त पॅनक्रियाटिन डुकराच्या स्वादुपिंडातूनच येतं. सुजेच्या गोळीतलं ट्रिप्सिनही प्राण्यांच्याच स्वादुपिंडाचं. आणि हे सांगितलंच पाहिजे, औषध हातात देण्याआधी, हळू आवाजात आणि आदराने. नंतर कळलं की माणूस काही न बोलता औषध सोडतो, आणि मग दोन महिन्यांनी वजन का उतरलं याचा शोध सुरू होतो.

त्यावर ‘शाकाहारी एन्झाइम’ म्हणून जी सिरपं विकली जातात त्यांत फंगल (बुरशीपासूनचं) डायस्टेस असतं, पुष्कळदा सोबत पेप्सिन (पेप्सिन पुन्हा प्राण्याचंच!). डायस्टेस पिष्ट तोडतं, पेप्सिन आम्लात प्रोटीन तोडतं. लायपेज त्यात नाही किंवा नगण्य. गॅससाठी घेणाऱ्याने घ्यावं, पण स्वादुपिंड निकामी झालेल्याला ते पर्याय म्हणून देऊ नये. मान्य नसेल तर डॉक्टरांशी उघड बोलून आहाराचा वेगळा विचार करावा लागतो.

तुळशीवृंदावन
धन्यवाद. कटू आहे, पण माहीत असणं बरं.

बडोदेकर
सुजेच्या गोळीवर माझा आक्षेप आहे. रक्तात ट्रिप्सिन शिरलंच तर तिथे अल्फा-१ अँटिट्रिप्सिन आणि अल्फा-२ मॅक्रोग्लोब्युलिन ही रक्तातली प्रोटीनं त्याला धरायला बसलेलीच असतात. मग सूज कोण उतरवणार? सेराशिओपेप्टिडेजचं उदाहरण घ्या: रेशमाच्या किड्याच्या आतड्यातल्या जंतूपासून मिळालेलं, जपानमध्ये लोकप्रिय, आणि चाचण्यांत नुसत्या पिठाच्या गोळीपेक्षा सरस ठरलं नाही म्हणून २०११ मध्ये तिथल्या कंपनीने ते स्वतःहून मागे घेतलं. आपल्याकडे अजून जोमात.

खलबत्ता
सेराशिओपेप्टिडेजबद्दल मान्य. ट्रिप्सिनच्या बाबतीत शस्त्रक्रियेनंतरच्या सुजेवर काही छोट्या चाचण्या बाजूने आहेत, आणि मॅक्रोग्लोब्युलिनला चिकटलेलं ट्रिप्सिन छोटे रेणू अजून कापू शकतं. पण ‘छोट्या’ हा शब्द मीही अधोरेखित करतो. पाय मुरगळला तर आधी बर्फ, दाबपट्टी, पाय उंच. गोळीने हाड जुळत नाही आणि पूही वाळत नाही. सूज लाल, गरम आणि वाढती असेल तर गोळ्या बदलत बसू नये. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर असलेल्याने ही गोळी, आणि ब्रोमेलेन ९०, ट्रिप्सिन ४८, रुटोसाइड १०० मिग्रॅ असलेली त्रिकुटाची गोळीसुद्धा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

बडोदेकर
एवढ्यावर समेट. जाता जाता ट्रिप्सिनच्या बाजूनेही लिहितो. इन्शुलिन शोधताना ते शत्रू होतं: १९२१ मध्ये टोरांटोत बँटिंग आणि बेस्ट यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधली ती पाचक रसाने इन्शुलिन नष्ट होऊ नये म्हणूनच. आज जंतूंकडून प्रोइन्शुलिन बनवून घेतात आणि त्यातला मधला तुकडा काढायला, बऱ्याच पद्धतींत, ट्रिप्सिनच वापरतात, जोडीला कार्बोक्सिपेप्टिडेज-बी. तेव्हा इन्शुलिन वाचवण्यासाठी ज्याला दूर ठेवलं, तेच आता ते घडवतं. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठातल्या बायोकेमिस्ट्रीच्या मुलांना हे सांगितलं की डोळे चमकतात.

काळीमाती
इंदूरच्या धाग्यात सोयाबीन आलं नाही म्हणजे काय! कच्च्या सोयाबीनमध्ये कुनिट्झ ट्रिप्सिनरोधक असतं. ते आतड्यात ट्रिप्सिनला बांधून टाकतं; शरीराला वाटतं एन्झाइम कमी पडलं, स्वादुपिंडाला आणखी बनवायचा हुकूम जातो. उंदीर आणि कोंबड्यांना कच्चं सोया खाऊ घातलं तर त्यांचं स्वादुपिंड चक्क मोठं होतं. इथल्याच सोयाबीन संशोधन संस्थेने हे रोधक नसलेलं एनआरसी १२७ वाण काढलं आहे.

माळव्यात ९ किलो गव्हात १ किलो सोयाबीन घालून दळून आणायची पद्धत आहे. कच्चंच दळू नका. निवडून, तिप्पट उकळत्या पाण्यात २५ ते ३० मिनिटं उकळा, पाणी फेका, कडक उन्हात पूर्ण वाळवा, मग गिरणीत. पोळी तव्यावर मिनिटभर असते, तेवढ्या आचेत रोधक पूर्ण मरत नाही. दाणा ओला राहिला तर पीठ चार दिवसांत कुबट होतं.

सुगरण
@काळीमाती, हे माझ्या यादीत नव्हतं आणि असायला हवं होतं. कच्चं सोया कॅप्सूलमधल्या ट्रिप्सिनलाही बांधणारच. सोयावड्यांना भीती नाही, त्या तयार होतानाच तापलेल्या असतात.

शेवपोहे
अल्फा-१ अँटिट्रिप्सिन कमी असलं तर पॅनक्रियाटायटिस होतो का मग?

जीवरसायन
नाही, नावाने फसवलं. त्याचं खरं काम फुप्फुसात, पांढऱ्या पेशींच्या इलास्टेजला आवरायचं. ते कमी पडलं तर फुप्फुस विरतं, आणि त्याचं बिघडलेलं रूप यकृतात साचतं. १९६३ मध्ये स्वीडनमध्ये लॉरेल आणि एरिक्सन यांनी ही कमतरता ओळखली. नाव मात्र आधी ट्रिप्सिनवर पाहिलं म्हणून तेच राहिलं.

रामबागकर
धागा सुरू केला त्या प्रश्नावर परत येतो. पाकिटांची अदलाबदल थांबवायला घरात नेमकं काय करायचं? आणि कॅप्सूल ठेवायची कुठे? मे महिन्यात इथे ४० च्या वर जातं.

खलबत्ता
पाकिटावर जाड पेनाने लिहा. सुजेच्या गोळीवर: ‘पोट रिकामं. पाण्यासोबत. ५ दिवस’ (किंवा डॉक्टरांनी सांगितले तितके). कॅप्सूलवर: ‘पहिला घास. चावू नका. रोज, कायम’. ‘एन्झाइम’ हा शब्द कुठेच लिहू नका, गोंधळ त्याच शब्दाने होतो. कॅप्सूलची बाटली २५ अंशांच्या खाली, झाकण घट्ट, आतली ओलावा शोषणारी पुडी फेकायची नाही. गॅसच्या ओट्याजवळ, देवघरातल्या समईशेजारी, स्कूटरच्या डिकीत नाही. उन्हाळ्यात महिन्याभराचीच घ्या आणि कुरियरने मागवली तर दुपारभर दारात पडू देऊ नका. तापलेली कॅप्सूल दिसायला तशीच असते, आतलं एन्झाइम मात्र मेलेलं. मग डॉक्टर डोस वाढवत राहतात.

रामबागकर
आणि लग्नाच्या पंगतीत, किंवा रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत, जिथे दोन तास थोडं थोडं खाणं चालतं?

सुगरण
एकदाच मोठा डोस नाही. २५,००० ची एक पहिल्या पदार्थाला, मग दर अर्ध्या-पाऊण तासाने, खाणं चालू असेल तोवर, आणखी एक. त्या दिवसाच्या कॅप्सूल छोट्या डबीत मोजून न्या, ती शर्टाच्या खिशात, पर्समध्ये नाही. पर्स खुर्चीवर राहते आणि माणूस भुट्ट्याच्या किसाच्या गाडीवर असतो. डबीत दोन जास्तीच्या टाका, सोबत कुणीतरी रबडी आग्रहाने वाढणारच.